कमानीवरची कुंभारीण

माती

कुंभारीण आली तेव्हा जब्बार पिंजारी झोपलेला होता. भर दुपारी.

भादवा सरत आला तरी हवा ओली होती. हवा ओली असली की कापूस फुलत नाही आणि पिंजायच्या कमानीची दोरी, तांत, ढिली पडते. म्हणून पावसाळाभर पिंजाऱ्याची कमान खुंटीला टांगलेली असते, आणि पिंजारी कुणाच्या तरी रानात तण निंदायला जातो, नाहीतर कमानीखाली झोपतो. त्या दिवशी जब्बार झोपला होता. मंगरूळपीरची ती सगळी गल्लीच झोपली होती.

जागी होती त्याची दोन पोरं. अमिरुन्निसा, सात वर्षांची, जिला सगळे अमिरन म्हणत. आणि युसूफ, चार वर्षांचा.

कुंभारीण म्हणजे एक माशी. काळी-पिवळी, लांब पायांची. कंबर अशी की युसूफ म्हणाला, "इची कंबर कोनं तोडली?"

तोडलेली नव्हती. दोऱ्याएवढी होती, पण होती.

तिच्या तोंडात ज्वारीच्या दाण्याएवढी ओल्या मातीची गोळी होती. ती कमानीभोवती दोनदा फिरली. कमानीच्या एका टोकाला पंख्यासारखी रुंद फळी असते आणि तांत त्या फळीवरून गुंडाळून ताणलेली असते. नेमकी त्या बेचक्यात ती बसली, गोळी लावली आणि गुणगुणायला लागली.

गेली. आली. गेली. आली.

आईने जेवायला दोनदा हाक मारली.

गेली. आली.


कुठली माती

गल्लीच्या मागे हौसाबाई माळिणीचा मळा होता. वांगी, मेथी, कांद्याचं रोप. मळ्यातल्या पाटाच्या कडेला ओल होती आणि कुंभारीण तिथे उतरून मातीची गोळी वळत होती. पोरं तिच्या मागे धावत तिथवर पोचली.

"हौसामाय, तुह्या पाटातली माती कुंभारीन चोरून राह्यली!"

"नेऊ दे वं. मले काय गढी बांधाची हाय तिची?" हौसाबाई वाफ्यात बसून खुरपत होती. "कुठी बांधून राह्यली घर?"

"आमच्या घरात. अब्बाच्या कमानीवर."

हौसाबाईने खुरपं थांबवलं आणि हसली. "मंग झालं तर. कुंभारीन घर करते त्या घरात लेकरू येते. तुह्या मायले सांग, हौसामाय म्हने पोट्टाच हाय."

अमिरनला हे माहीत नव्हतं. आईच्या पोटात बाळ आहे हे माहीत होतं. कार्तिकात येणार हेही. पण ते कुठून येतं, कुणाच्या सांगण्यावरून येतं, हे आत्ता कळत होतं.

"अन् घर फुटलं तर?" तिने विचारलं.

"फुटन कायले?"

"पन फुटलं तर?"

"तिचं फुटलं तर आपलंबी फुटते," हौसाबाई म्हणाली आणि पुन्हा खुरपायला लागली. तिला मेथी काढून बाजार गाठायचा होता.


मागच्या साली

मागच्या साली दिव्याच्या कोनाड्यात असंच एक मातीचं घर होतं. अमिरनने ते काडीने फोडलं होतं. उगाच, आत काय आहे ते पाहायला. आत हिरव्या अळ्या निघाल्या, सात-आठ, मऊ, मेलेल्याही नाहीत आणि हलतही नाहीत अशा. आणि त्यांच्यामध्ये एक पांढरा किडा, डोळे नसलेला. तिने सगळं कोंबडीपुढे टाकलं. कोंबडीने खाल्लं.

महिन्याभराने भाऊ जन्मला. सातव्या दिवशी त्याचा जबडा मिटला. दूध आत जाईना. मग त्याचं अंग ताठ होऊन मागे वाकायला लागलं. आठव्या दिवशी अब्बा त्याला दोन्ही हातांवर घेऊन गेले आणि मोकळ्या हातांनी परत आले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे अमिरनला आज, पाटाच्या काठी, कळलं.

युसूफ म्हणाला, "आपा, चाल ना, ते परत उडाली."

ती उभीच राहिली.


मेहरबी

मेहरबी, पोरांची आई, थकलेली होती. उठताना थकलेली, निजताना थकलेली, आणि मधे दळायला बसली की जात्याच्या खुंट्याला धरूनच तिचा डोळा लागायचा. पाच बाळंतपणं झाली होती. दोन पोरं समोर होती. सहावं पोटात.

तिला आता मुलगा हवा नव्हता, मुलगीही हवी नव्हती. जे येईल ते नवव्या दिवशी जिवंत असावं, एवढंच हवं होतं. आणि त्यासाठी काय करायचं ते तिला माहीत होतं. करू दिलं जात नव्हतं.

जब्बारच्या घराण्यात बाळाची नाळ तांतीने बांधायची रीत होती. तांत म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची वळलेली दोरी, जिच्या थरथरण्याने कापूस फुलतो. कोरी तांत चालत नसे. कमानीवर चढवलेल्या, दोन-तीन हंगाम वाजलेल्या तांतीचा वीतभर तुकडा बापाने स्वतःच्या हाताने कापून द्यायचा. जब्बारची नाळ तशीच बांधलेली. त्याच्या बापाची तशीच. तांतीला बांधलेलं पोर जगात टिकतं, असं जब्बारची आई म्हणायची. तिला नऊ झाली होती आणि तीन टिकली होती. ते ती म्हणायची नाही.

मागचं बाळ गेल्यावर मेहरबीच्या छातीत दूध गोठलं. ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सबाईने विचारलं, नाळ कशाने बांधली होती? मेहरबीने सांगितलं. नर्सबाई म्हणाली, "पुढच्या वेळी दोरा घ्यायचा. साधा, सुती. खळखळ उकळायचा. कात्रीसुद्धा उकळायची. तांत नाही."

घरी येऊन मेहरबीने ते जब्बारला जसंच्या तसं सांगितलं.

"माह्या बापानं मले माराले बांधली होती काय तांत?" जब्बार म्हणाला.

त्यावर वर्ष झालं. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.


पोरांना काय काय माहीत होतं

की कुंभारीण बाईच असते, कुंभार कधी कोणी पाहिलेला नाही, की तिला चाक लागत नाही, ती स्वतःच फिरते, की मातीची इवली घागर झाली की ती हिरव्या अळ्या आणते आणि त्या अळ्या खायच्या नसतात, त्या बाळाच्या गाद्या असतात, (हे युसूफला माहीत होतं, पिंजाऱ्याचं पोर), की ती घागरीत तोंड घालून गुणगुणते तेव्हा ती बांग देत असते, कारण बाळ जन्मलं की त्याच्या कानात बांग द्यावीच लागते आणि तिच्या घरी अब्बा नाहीत, मग तीच देते, की एक घागर झाली की दुसरी, अशा चार झाल्या, आणि चारींची तोंडं तिने मातीने लिंपून टाकली, खिडकी ठेवली नाही, दार ठेवलं नाही.

"मंग तो श्वास कसा घेते?" अमिरनने विचारलं.

"अल्ला फुकते," युसूफ म्हणाला.

तो रोज सकाळी कमानीखाली गुळाचा खडा ठेवत असे. दुपारपर्यंत मुंग्या तो नेत. युसूफच्या मते कुंभारणीला स्वतः येऊन मागायला लाज वाटते, म्हणून ती मुंग्यांना पाठवते.

चौथी घागर लिंपल्यावर कुंभारीण परत आली नाही. अमिरनला त्याची भीती वाटली. मेहरबी एकदाच त्या घराकडे पाहून म्हणाली, "गेली वाटते. सुटली बिचारी."


रूपला

दसरा झाला. हवा कोरडी झाली. दसऱ्यानंतरच्या पहिल्या जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, कमान खाली काढायची, तिला लोबानाची धुरी द्यायची, पोरांच्या हातावर फुटाणे ठेवायचे आणि हंगाम सुरू करायचा, अशी जब्बारच्या घरची रीत होती. त्या सकाळी इंझोरीहून रूपला गाडीवान बैलगाडी घेऊन दारात उभा होता. इंझोरीच्या पंजाबराव पाटलांच्या मुलीचं तुळशीच्या लग्नानंतर लग्न होतं. नव्या गाद्या, उशा, जुन्या रजयांचा कापूस पिंजायचा. पंधरा दिवसांचं काम, जेवण तिथेच. अशा कामाची जब्बार पावसाळाभर वाट पाहत होता.

त्याने कमान खाली घेतली. फळीच्या बेचक्यात मातीच्या चार गाठी.

"काय जब्बारभाई," रूपला दारातून म्हणाला, "कमानीले गळवं झाले वाटते! मलम लावा थोडं."

"माशीचं घर हाय. आत्ता काढतो." जब्बारने चाकू घेतला.

अमिरनने दोन्ही हातांनी फळी झाकली.

"हात काढ."

"नाई."

"पोट्टी, गाडी उभी हाय. हात काढ."

"अब्बा, महिनाभर थांबा. त्याहीले बाहेर येऊ द्या. मंग वाजवा तांत."

रूपला हसला. "अवं बाई, महिनाभर थांबलो तर नवरा-नवरी चटईवर निजतीन!"

"अब्बा, नोका ना!"

जब्बारने तिचा एक हात बाजूला केला. तो पुन्हा फळीवर आला. त्याने तो पुन्हा काढला, या वेळी जोरात. तेव्हा अमिरन बोलली. एवढ्या भरभर बोलली की पहिल्यांदा कोणाला काही कळलं नाही. मग कळलं. की मागच्या साली कोनाड्यातलं घर तिने फोडलं होतं. काडीने. की आतलं पांढरं बाळ तिने कोंबडीला घातलं. की म्हणून भाऊ मेला. की तिला तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे, आणि हे घर फुटलं तर अम्मीच्या पोटातलंही मरेल, हौसामायने सांगितलंय.

रूपला बैलांकडे पाहायला लागला.

मेहरबी आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला पोरीला एक वाक्य सांगायचं होतं: तुझ्यामुळे नाही. पण लगेच पोरीने विचारलं असतं, मग कुणामुळे? मेहरबीने जब्बारकडे पाहिलं. जब्बारने चाकूकडे पाहिलं. मग त्याने चाकू फळीवर नाही, जमिनीवर ठेवला.

"रूपला, तू जाय."

"जाय म्हंजे?"

"जाय म्हंजे जाय. पाटलाले सांग, जब्बारचं बाळंतपन हाय घरी."

"बाळंतपनाले अजून येळ हाय ना? पाटील वाशीमचा पिंजारी आनतीन, मंग तुमी बोंबलसान."

"आनू दे."

"माशीपाई?"

"माशीपाई," जब्बार म्हणाला.

गाडी गेली. लोबान तसाच जळून गेला. युसूफने फुटाणे मागितले, त्याला मिळाले.


जब्बार

दुसऱ्या दिवसापासून तो हौसाबाईच्या मळ्यात कांदे लावायला जाऊ लागला आणि वाकून वाकून त्याची कंबर धरली आणि गल्लीतले लोक त्याला विचारू लागले की काय जब्बारभाई, कमान कुठी, आणि तो म्हणायचा दुरुस्तीले हाय, आणि एकदा युसूफने सगळ्यांसमोर सांगितलं की दुरुस्तीले नाई, त्याच्यात लेकरं हायेत, आणि सगळे हसले आणि जब्बारही हसला कारण न हसायला जोर लागतो, आणि तो जोर त्याच्यात नव्हता, आणि वाफ्यात बसून रोपं लावताना त्याला सारखं वाटत होतं की पोरीने सांगितलेल्या गोष्टीत काहीतरी चुकलं आहे आणि काय चुकलं आहे ते त्याला माहीत आहे, फक्त त्याने त्याच्याकडे अजून मान वळवून पाहिलेलं नाही, आणि वळवायची गरज नाही, कांदे बरेच लावायचे राहिले आहेत.


दिवस

रोज सकाळी अमिरन उठायची आणि आधी कमान पाहायची. घागरी होत्या.

मग आईचं पोट पाहायची. होतं.

मग चूल पेटवायची.

एका सकाळी तिने घागरीला कान लावला. आत काही खरवडल्यासारखं वाजत होतं. तिने युसूफला बोलावलं. युसूफने कान लावला आणि डोळे मोठे केले.

"कपडे घालून राह्यला," तो म्हणाला.


कळा

कार्तिकातल्या एका जुम्म्याच्या दिवशी सकाळी मेहरबीने चुलीवर एक लहान पितळी गडवा ठेवला. त्यात सुती दोऱ्याची गुंडी आणि कात्री टाकली. वर झाकण ठेवलं. कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणणार होती, पानी तापवून राह्यली.

दुपारी कळा सुरू झाल्या. अमिरन धावत मळ्यात गेली. हौसाबाई चिखलाचे हात धुऊन आली. गल्लीतली बाळंतपणं तीच करायची. मागून जब्बार आला. आतल्या खोलीच्या दारात गोधडीचा पडदा लावला गेला. बाहेर जब्बार, दोन पोरं, भिंतीला टेकवलेली कमान.

युसूफ: "अम्मी काहून ओरडून राह्यली?"

जब्बार: "चूप बस."

युसूफ: "कुंभारीन तर ओरडली नाई."

ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. मग बराच वेळ काही झालं नाही. मग खूप काही झालं, आणि एक बारीक, चिडका आवाज आला.

"पोरगी हाय!" हौसाबाई आतून म्हणाली. "माहं चुकलं बाप्पा. जब्बार, तांत दे. लवकर."

जब्बार उठला. चाकू हातात घेतला. तांत कापायची तर ती आधी फळीवरून सोडवावी लागते, आणि सोडवायची तर मातीच्या चारही घागरी फुटणार. तो कमानीकडे वळला. कमानीला पाठ लावून अमिरन उभी होती.

"सरक."

"नाई."

"अमिरन. तुह्या बहिनीसाठीच पायजे."

"तांत सोडली का घर फुटते. घर फुटलं का ते मरते." ती रडत नव्हती. रडणं तिने मळ्याकडे धावतानाच संपवलं होतं. "अब्बा, मी नाई सरकत."

"जब्बार!" हौसाबाई.

मग पडद्यामागून मेहरबीचा आवाज आला. आवाज कसला, फाटलेलं कापड. "युसूफचे अब्बा. चुलीवर गडवा हाय. त्याच्यात दोरा हाय. उकळला हाय म्या."

जब्बार चाकू हातात धरून उभा राहिला.

बायकोला हो म्हणायचं म्हणजे मागच्यालाही हो म्हणायचं. त्याच्या आधीच्यालाही. त्याच्याही आधीच्याला. तिघांच्या नाळा त्याने याच चाकूने कापलेल्या तांतीने बांधायला दिल्या होत्या. एवढं हो त्याच्या तोंडात मावत नव्हतं. समोर पोरगी उभी होती, हात पसरून, आणि तिच्यामागे माशीने बांधलेलं चिमूटभर घर. त्या घराला हो म्हणता येत होतं.

तो मोठ्याने म्हणाला, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "पोट्टी सरकूनच नाई राह्यली, मावशी! काय करू? दोराच बांधा!"

"दोरा?"

"दोरा, दोरा. चुलीवर हाय. युसूफ, मावशीले गडवा दे. पोयशीन, फडक्यानं धर."

आत हौसाबाई काहीतरी पुटपुटली. नंतर हौसाबाईने सगळ्या गल्लीला सांगितलं, की जब्बारने पोरीच्या हट्टापायी बापजाद्याची रीत मोडली. लाडावून ठेवली पोट्टी. जब्बारने ते कुठेच खोडलं नाही.


नऊ दिवस

पहिला. बाळ दूध प्यायलं.

दुसरा. प्यायलं.

तिसरा. प्यायलं, ओकलं, पुन्हा प्यायलं.

चौथा. मेहरबी बसल्या बसल्या झोपली. बाळ तिच्या मांडीवर. अमिरन दोघींकडे आळीपाळीने पाहत बसली.

पाचवा. घागरींना चार गोल भोकं. आत काही नाही. जाताना कोणीही पाहिलं नाही. युसूफ फार चिडला. "सांगून नाई गेली," तो म्हणाला. "इतका गूळ खाल्ला." अमिरनला मात्र एकदम हलकं वाटलं आणि ती भर सकाळी भिंतीला टेकून झोपून गेली.

सहावा. प्यायलं.

सातवा. मेहरबी थोड्या थोड्या वेळाने करंगळी बाळाच्या ओठांत घालून पाहायची. जब्बार मळ्यात गेला नाही. ओसरीवर बसून त्याने एकच रस्सी तीनदा वळली. संध्याकाळी मेहरबी बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "चोखून राह्यली." आत गेली.

आठवा. तसाच.

नववा. सकाळी बाळ भुकेने इतकं ओरडलं की हौसाबाई मळ्यातून बघायला आली. मेहरबी हसत नव्हती, रडतही नव्हती. "घे वं हिले जरा," पाजून झाल्यावर ती म्हणाली, "मी निजतो." आणि निजली. पाजायच्या वेळा सोडून दिवसभर कोणी तिला उठवलं नाही.


तांत

त्या दिवशी दुपारी जब्बारने कमान ओसरीवर घेतली. पोखरलेली माती चाकूने खरवडून काढली. मग फळीवरची तांत सोडवली. तीन हंगाम वाजलेली तांत. कापसाची धूळ, गावोगावच्या जुन्या गाद्यांची घाण, त्याच्या हाताचा घाम, सगळं तिच्यात मुरून ती काळी, चिकट झाली होती. ती त्याने नाकापाशी नेली. आयुष्यभर हाताळली होती. वास कधी घेतला नव्हता.

अमिरन उंबऱ्यावर बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत होती.

"अमिरन, इकडं ये."

ती आली.

"मागच्या साली जे झालं," जब्बार म्हणाला आणि थांबला. त्याने पुन्हा सुरुवात केली. "तू ते घर फोडलं होतं ना. कोनाड्यातलं. त्याच्यानं काई नाई झालं."

अमिरनने मान हलवली. मोठी माणसं असं बोलतात, हे तिला माहीत होतं.

"आयक. ह्याच्यानं झालं." त्याने तांत पुढे केली. "त्याच्या बेंबीले हे बांधली होती. म्या कापून देली होती. त्याच्या पहिले दोघं गेले, त्याहीलेबी म्याच."

अमिरनने तांत हातात घेतली. वास घेतला, नाक मुरडलं. "तांतीनं कोनी मरते काय, अब्बा? तांतीनं तर कापूस फुलते."

"मरते."

"कोन म्हने?"

"नर्सबाई म्हने. तुही अम्मी म्हने. साल झालं म्हनून. म्या आयकलं नाई."

अमिरन विचारात पडली. तिने तांतीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. कुंभारणीबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते याला माहीत नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण तो फार वाईट दिसत होता. त्याचे ओठ नीट मिटत नव्हते. असं तोंड तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याच्याशी वाद घालणं तिला बरोबर वाटलं नाही.

"तवा तुमाले माईत होतं का?" तिने विचारलं.

"कवा?"

"भाऊ होता तवा."

या वेळचं तिने विचारलं नव्हतं. या वेळी माहीत असूनही तो चाकू घेऊन उठला होता. तिने फक्त तेव्हाचं विचारलं होतं.

"नाई," तो म्हणाला. "तवा माईत नव्हतं."

"मंग काई नाई." तिने तांत त्याच्या मांडीवर ठेवली. "मलेबी माईत नव्हतं. तुमी बसा. मी अल्लाले दोघायचं सांगून येतो."

ती अंगणात गेली. कडुनिंबाच्या सावलीतून बाहेर, जिथे वर नुसतं आभाळ होतं तिथे जाऊन उभी राहिली, आणि मान वर करून बोलायला लागली. ओसरीवर ऐकू येत होतं. तिने आधी त्याचं सांगितलं, मग स्वतःचं. फार वेळ लागला नाही.